उरलेल्या होजिअरीचा टी-शर्ट, घरच्या मशीनवर

पावसाळ्याच्या आधी कपाटं उपसायची आमच्या घरची जुनी रीत. जूनची हवा दमट झाली की इथे गोव्यात, डिचोलीत बंद कपाटातल्या सुती कपड्यांवर बुरशीचे ठिपके यायला फार दिवस लागत नाहीत, म्हणून मे महिन्यातच सगळं उन्हात पडतं. त्या उपसाउपशीत दरवर्षी टी-शर्टांचा एक ढीग निघतो. मुलाच्या फुटबॉल स्पर्धांत मिळालेले, कुठल्या कुठल्या कार्यक्रमात वाटलेले दोन मापं मोठे, बगलेत फाटलेले पण पाठीला धडधाकट असलेले. त्यात माझ्या जुन्या होजिअरीच्या नाइट्या आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून हौसेने आणून ठेवलेले कटपीस. फडकी करून करून किती करणार?

ब्लाउज, परकर, मुलींचे फ्रॉक घरी शिवणाऱ्या कितीतरी बायका मला म्हणतात, होजिअरी आपल्या मशीनवर होत नाही. होते. मी गेली काही वर्षं साध्या घरगुती मशीनवर शिवते आहे. आईच्या पायमशीनवरही दोन टी-शर्ट शिवले, ते अजून वापरात आहेत. फक्त या कापडाची एक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ध्यानात ठेवावी लागते: ते आपण ताणायचं नसतं. एकच जागा अशी आहे जिथे मुद्दाम ताणायचं, ती गळ्याची पट्टी. तिथे किती ताणायचं हे मोजून ठरवायचं.

हे कापड वेगळं का वागतं

मागावरच्या कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांना छेद देत जातात. होजिअरीत तसं नसतं. लोकरीचा स्वेटर अगदी बारीक दोऱ्याने, बारीक फासे घेऊन विणला तर जे होईल ते म्हणजे होजिअरी. फाशात फासा अडकलेला असतो. आडवं ओढलं की फासे रुंदावतात, सोडलं की परत येतात. म्हणूनच बटण नसलेला कपडा डोक्यावरून जातो.

तुमच्या ढिगातला बहुतेक टी-शर्टचा कपडा ‘सिंगल जर्सी’ असतो. भिंगातून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून जवळून बघा. सुलट बाजूला इंग्रजी ‘व्ही’सारख्या खुणांच्या उभ्या रांगा दिसतील, उलट बाजूला आडव्या लहरी. त्या उभ्या रांगा हाच या कापडाचा ‘उभा धागा’ समजायचा. नवीन कटपीसची सुलट बाजू ओळखायची आणखी एक खूण आहे. आडव्या कापलेल्या कडेला हलकेच ताणा, ती सुलट बाजूकडे गुंडाळते. ‘इंटरलॉक’ कापड दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं आणि गुंडाळत नाही, त्यामुळे पहिल्या टी-शर्टला ते जास्त सोपं. इथे एक घोळ होतो. आपल्याकडे कडांना ओव्हरलॉक मारण्यालाही टेलर ‘इंटरलॉक करणं’ म्हणतात. दुकानात विचारताना ‘इंटरलॉकचं कापड’ असं पूर्ण सांगा.

आता ताण मोजा. कापड आडवं दुमडून कडेपासून आत, एकमेकींपासून १० सेंटीमीटरवर दोन खुणा करा आणि पट्टीशेजारी धरून सहज जाईल तितकं ओढा. १३ पर्यंत गेलं तर ताण ३० टक्के. सोडल्यावर ते परत १० वर येतं का, हे त्याहून महत्त्वाचं. साडेदहावरच थांबलं तर त्या कापडाचा जीव गेलेला आहे. अंगाला चालेल, गळ्याच्या पट्टीला मुळीच नाही. खूप वापरलेल्या टी-शर्टांच्या गळ्याचं रिब, म्हणजे उभ्या रेघांचं जास्त ताणणारं कापड, बहुधा असंच सैल झालेलं असतं, म्हणून ते काढून पुन्हा वापरायचा मोह टाळा.

धुणं आणि निवड

नवीन कटपीस धुतल्याशिवाय कात्री लावू नका. सुती होजिअरी लांबीत जास्त आटते. पाच टक्के आटली तरी २६ इंच उंचीत सव्वा इंच गेला. एरवी जसे कपडे धुता तसेच ते दोनदा धुवा आणि दोरीवर लटकवण्याऐवजी चटईवर पसरून वाळवा. ओलं होजिअरी लटकलं की स्वतःच्या वजनाने लांब होतं. पावसात आपल्याकडे कपडा हाताला कोरडा लागतो आणि आत ओलसरच असतो. अशा वेळी एक रात्र पंख्याखाली पसरून ठेवा, मगच कापा. जुने टी-शर्ट आधीच आटून बसलेले असतात, ते नुसते स्वच्छ असले की पुरे.

ढिगातून एका टी-शर्टसाठी जे तुकडे एकत्र येणार, त्यांची जाडी सारखी हवी. जाडी ‘जीएसएम’मध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. घरच्या काट्यावर हे सहज कळतं. ५० सेंटीमीटर लांब आणि तितकाच रुंद भाग मोजून कापा, वजन करा, चारने गुणा. ४० ग्रॅम भरलं तर १६० जीएसएम. तुकडे लहान असतील तर २५ सेंटीमीटरचा चौकोन घेऊन सोळाने गुणा. आपल्या हवेला १४० ते १८० जीएसएमचं सुती कापड चांगलं. त्याखाली गेलं की शिवताना फार गुंडाळतं, वर गेलं की एप्रिलमध्ये अंगावर नको होतं. तिरुपूरहून येणारं होजिअरी घाऊक बाजारात किलोवर विकलं जातं. तसं कधी मिळालं तर १६० जीएसएमचं ६० इंच पन्ह्याचं कापड किलोला साधारण चार मीटर भरतं, हे लक्षात असू द्या.

स्पर्धांच्या जर्सींचं पॉलिएस्टर सुती तुकड्यांत मिसळू नका. सुती कापड आटतं, पॉलिएस्टर तसं आटत नाही, आणि पहिल्या काही धुण्यांतच जोडाजवळ सुरकुती दिसू लागते. पॉलिएस्टरचा वेगळा टी-शर्ट शिवा, खेळायला उत्तम होतो. गडद आणि पांढरा एकत्र घेताना गडद तुकड्याचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. डाग उतरला तर ती जोडी नको.

छापलेल्या भागाचंही बघावं लागतं. रबरासारखी जाड छपाई ताणत नाही आणि इस्त्री लागली की वितळून चिकटते. ती कापून टाका किंवा पाठीच्या मधोमध, जिथे शिवण येणार नाही तिथे ठेवा.

पेपर कटिंग

मापाचं गणित करण्याआधी अंगाला चांगला बसणारा एक टी-शर्ट घ्या, उभा मधोमध दुमडा आणि वर्तमानपत्राच्या जोडपानावर ठेवून कडेने रेघ ओढा. बाहीच्या मुंढ्याशी, म्हणजे बाही अंगाला जोडलेली असते तिथे, टाचण्या शिवणीतून कागदात टोचत जा, त्या भोकांवरून मुंढ्याची गोलाई मिळते. बहुतेकांना एवढं पुरतं.

ज्यांना आकड्यांवरून काढायचा आहे त्यांच्यासाठी ३६ इंच छातीचं उदाहरण देते. टी-शर्ट थोडा सैल, म्हणजे घेर ४० इंच. कागदाची डावी उभी कड ही मधली घडी. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून उंची २६ इंच. गळ्याची रुंदी कोपऱ्यापासून साडेतीन इंच. खांदा ८ इंचांवर, तिथे दीड इंच उतार. वरून साडेआठ इंच खाली छातीची रेघ, तिची रुंदी घेराचा चौथा भाग, म्हणजे १० इंच. खांद्याच्या टोकापासून छातीच्या टोकापर्यंत मुंढ्याची गोलाई काढा. बाजू सरळ खाली १० वरच उतरवा. गळ्याची खोली पुढे साडेतीन, मागे एक इंच. पुढचा आणि मागचा भाग गळा सोडून सारखाच आहे, त्यामुळे एकाच कागदावर दोन्ही गळे काढले तरी चालतं.

बाहीसाठीही अर्धाच कागद. सर्वात रुंद जागी पावणेसात इंच, माथ्याची उंची पावणेचार, माथ्यापासून खालच्या कडेपर्यंत लांबी साडेसात, खाली रुंदी सहा. माथ्याची गोलाई आणि मुंढ्याची गोलाई टेप उभी धरून मोजा. दोन्ही आठ इंचांच्या आसपास आल्या पाहिजेत. ब्लाउजला आपण बाहीत थोडा कपडा जास्त ठेवतो आणि चुणी घेऊन बसवतो. इथे तो नको. दोन-तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त असेल तर कापड सामावून घेतं.

या मापांत माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडायचं जास्तीचं कापड, धरलेली नाही. बाजू, खांदा, मुंढा, बाही आणि गळा, सगळीकडे तीन सूत माया ठेवा, खालच्या घडीला एक इंच. उरलेल्या कापडात जास्त माया ठेवायला जागा नसते आणि होजिअरीचे धागे सुटत नसल्याने तिची गरजही नाही.

तुकडे कसे बसवायचे

पुढच्या भागाला २१ इंच रुंद आणि साडेसत्तावीस इंच लांब कापड लागतं. मोठ्या मापाचा वाटपातला टी-शर्ट बाजूंच्या शिवणीवर कापून उघडला की रुंदीला साधारण तेवढं मिळतं. अडचण जुन्या गळ्याची येते. कागदावरची गळ्याची रेघ जुन्या गळ्याच्या खाली उतरवून बघा, उंचीला कापड पुरत असेल तर प्रश्न मिटला. उंची जेमतेम असेल तर जुनी खालची घडी उसवू नका. कागदाची खालची रेघ त्या तयार घडीवरच ठेवा. एक इंच वाचतो आणि शिवायला सर्वात त्रासदायक भाग आपोआप मिळतो.

कापड पुरत नसेल तिथे जोड द्यायचा. माझ्या अनुभवात दोन जोड चांगले दिसतात. एक, पाठीवर खांद्यापासून चार-पाच इंच खाली आडवा जोड, वर वेगळा रंग. दुसरा, बगलेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंना अडीच-तीन इंचांची उभी पट्टी. पुढच्या भागात मधोमध उभा जोड मी देत नाही, तो पोटावर लाटांसारखा हलतो. प्रत्येक जोडाला दोन्ही तुकड्यांची तीन-तीन सूत माया जाते, म्हणजे पाऊण इंच. दोन जोड म्हणजे दीड इंच. कागदाचे तुकडे करतानाच ही भर घाला, नाहीतर शेवटी टी-शर्ट तंग होतो.

सगळे तुकडे एकाच दिशेने ठेवा. व्हीच्या रांगा अंगावर उभ्या आणि ताण आडवा. एक बाही वाचवण्यासाठी तिरपी कापलीत तर धुतल्यावर ती पिळवटते. पुष्कळ स्वस्त टी-शर्टांची बाजूची शिवण काही धुण्यांनंतर पोटावर येते, ती याच जातीच्या दोषाने. तशा पिळलेल्या टी-शर्टवर शिवणीला समांतर कापू नका, रांगा बघून कापा.

कापताना फरशी सर्वात चांगली. टेबलावरून कापड खाली लोंबलं की ते लांब होतं आणि कापून सोडल्यावर आखडतं. टाचण्यांऐवजी कागदावर वाट्या, वजनं, नदीतले गोटे काहीही ठेवा. टाचणी लावायचीच तर मायेत लावा. कात्री धारदार हवी. बोथट कात्री होजिअरी चावते. मुंढ्याचा आणि बाहीचा मध्य, गळ्याचे मध्य खडूने खुणा करून ठेवा, कात्रीने चीर देऊ नका.

मशीन आणि सुई

इथे खर्च अगदी थोडा आहे, पण टाळण्यासारखा नाही. साध्या सुईचं टोक तीक्ष्ण असतं. ते दोरा छेदून जातं आणि फासा तुटतो. दोन धुण्यांनी शिवणीशेजारी बारीक भोकांची रांग दिसते, ती याची. बॉलपॉइंट सुईचं टोक किंचित गोल असतं, ते फासे बाजूला सारून मधून जातं. ११ नंबरची घ्या. जाड कापडाला १४. दुकानात जाताना मशीनमधली जुनी सुई बरोबर न्या, कारण घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो आणि काही टेलरिंगच्या मशीनना पूर्ण गोल दांड्याची लागते. आपल्याकडे पावसात सुया गंजतात. डबीत मशीनच्या तेलाचा थेंब लावलेल्या फडक्यात टोचून ठेवल्या तर टिकतात. गंजाचा जराही डाग असलेली सुई होजिअरीला लावू नका.

दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा ताणला की तुटतो.

झिगझॅग असलेल्या मशीनवर रुंदी अर्धा ते एक मिलिमीटर आणि लांबी अडीच ठेवा. दिसायला जवळजवळ सरळ टीप, पण ओढलं की साथ देते. फूटचा, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाचा, दाब कमी करता येत असेल तर करा. दाब जास्त असला की वरचा थर पुढे ढकलला जातो आणि शिवण लाटांसारखी होते. मग त्याच कापडाच्या तुकड्यावर सहा इंच टीप मारून ती जोरात ओढा. दोरा तुटला तर वरचा ताण थोडा सैल करा किंवा झिगझॅग एक काडी रुंद करा. असे दोन-तीन तुकडे वाया गेले तरी चालतील, ढीग आहेच.

टाके सुटत असतील तर बहुतेक वेळा दोष सुईत असतो. सुई खाली जाऊन वर येऊ लागते तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा छोटा फासा तयार होतो, आणि मशीनचा हूक तो पकडतो. होजिअरी सुईला चिकटून तिच्याबरोबर वर उचललं गेलं की फासा होतच नाही, हूक रिकामा जातो आणि टाका सुटतो. नवी बॉलपॉइंट सुई घातली की हे बहुधा थांबतं.

पायमशीनवाल्यांसाठी. तिथे झिगझॅग नाही, पण एक गोष्ट समजून घेतली की भीती जाते. टी-शर्ट आडवा ताणतो. बाजूची शिवण उभी असते, म्हणून तिच्यावर ताण कमीच येतो. खांद्याच्या शिवणीत न ताणणारी काठाची पट्टी घ्यायची आहे, ती तिला लांबू देत नाही. तिथे इंचाला १२-१३ बारीक टाके घेऊन सरळ टीप मारा, शेजारी एक सूत सोडून दुसरी मारा. खरी परीक्षा गळ्याची आणि खालच्या घडीची. गळ्याची पट्टी सरळ टिपेनेच, पण शिवताना दोन्ही थर अगदी थोडे ताणून. घडी हाताने, फुलीसारखा तिरपा टाका घालत. अशी हाताची घडी धुतल्यावर कळूनही येत नाही. कडांना ओव्हरलॉक हवंच असेल तर फोंडा, म्हापसा, मडगावच्या बाजारात टेलरकडे मारून मिळतं, मात्र होजिअरीला ते नसलं तरी कपडा उसवत नाही.

खांदे

आधी दोन्ही खांदे. सगळ्या टी-शर्टचं वजन इथे लटकतं, म्हणून इथली शिवण मुळीच लांबता कामा नये. जुन्या सुती साडीच्या काठाची दोन-तीन सूत रुंद पट्टी उभी कापा, खांद्याच्या मापाची, आणि शिवणीत तिसरा थर म्हणून घ्या. काठ ताणत नाही, तो खांदा धरून ठेवतो. पट्टी आधी मापाने कापायची आणि कापड तिच्यात बसवायचं, उलट नाही.

सुरुवातीला मशीन कापड गिळतं, हे होजिअरीचं नेहमीचं. दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे घट्ट धरा आणि खाली वर्तमानपत्राचा छोटा तुकडा ठेवून शिवायला लागा. शिवून झालं की कागद फाडून काढा.

गळ्याची पट्टी

माझा पहिला टी-शर्ट मुलासाठी होता, शाळेच्या सहलीसाठी. मी पट्टी गळ्याएवढीच कापली, नीट शिवली, इस्त्रीही केली. घातल्यावर गळा छातीपासून सुटून उभा राहिला, परकराच्या झालरीसारखा. दुसऱ्यांदा घाबरून पट्टी फारच लहान केली, तर गळ्याभोवती सगळ्या चुण्या पडल्या आणि डोकं आत जाईना. तेव्हापासून मी पट्टी डोळ्यांनी ठरवत नाही.

गळ्याची कड हे बाहेरचं, मोठं वर्तुळ आहे आणि पट्टी दुमडल्यावर आतल्या, लहान वर्तुळावर बसते. म्हणून ती लहानच हवी. किती लहान, हे दोन आकड्यांवर ठरतं.

पहिला आकडा गळ्याचा. खांदे जोडून झाल्यावर कापलेल्या कडेवर नाही, तर तीन सूत आत, जिथे टीप येणार त्या रेघेवर, टेप उभी धरून मोजा. वर दिलेल्या मापात तो साडेअठरा इंचांच्या आसपास येतो.

दुसरा आकडा डोक्याचा. कपाळावरून टेप फिरवा. मोठ्या माणसाचं डोकं साधारण २२ इंच असतं.

आता पट्टीच्या कापडाचा ताण बघा. रिब असेल आणि ५० टक्क्यांहून जास्त ताणत असेल तर पट्टी गळ्याच्या ८५ टक्के. साडेअठराचे जवळजवळ पावणेसोळा इंच. ते ५० टक्के ताणलं की साडेतेवीस होतात, २२चं डोकं सुखाने जातं. टी-शर्टच्याच कापडाची पट्टी असेल आणि ताण ३० टक्केच असेल तर पावणेसोळाचे जेमतेम साडेवीस होतात, म्हणजे डोकं अडकणार. तिथे ९२ टक्के घ्या. सतरा इंच, ताणून २२. एवढंही काठावरच आहे, म्हणून अशा वेळी मी गळाच पाव इंच चारी बाजूंनी मोठा करते आणि नव्या मापावर पुन्हा हिशोब करते. लहान मुलांच्या बाबतीत हे फार जपा. दोन वर्षांच्या मुलाचं डोकंच १९ इंचांच्या जवळपास असतं आणि गळा इवलासा. त्यांना डाव्या खांद्यावर उघडी घडी ठेवून दोन टिचबटणं लावणं बरं.

पट्टीची रुंदी सव्वादोन इंच कापा. दुमडून, तीन-तीन सूत माया जाऊन बाहेर पाऊण इंच दिसते. लांबीत दोन टोकांची मिळून पाऊण इंच माया घाला. ताण पट्टीच्या लांबीत यायला हवा, म्हणजे व्हीच्या रांगा पट्टीला आडव्या.

टोकं जोडून गोल करा, माया उघडून दाबा, उलट बाजू आत घेऊन लांबीत दुमडा. पट्टीचे चार समान भाग करून खुणा करा. गळ्याचेही चार समान भाग करा आणि इथे चूक होते. खांद्याच्या शिवणी हे गळ्याचे चतुर्थांश नव्हेत. पुढचा गळा मागच्यापेक्षा बराच लांब असतो. पुढचा मध्य आणि मागचा मध्य एकावर एक धरून गळा चपटा करा. दोन्ही टोकांना घडी जिथे येते त्या खऱ्या खुणा, खांद्याच्या शिवणीच्या जवळपास पाऊण-एक इंच पुढे. खांद्यालाच खुणा धरल्या तर ताण सगळा पुढे जातो आणि मागे पट्टी सैल राहते.

पट्टीचा जोड डाव्या खांद्याच्या थोडा मागे ठेवा. सुलट बाजूला सुलट, तिन्ही कडा एकत्र, चार खुणांवर चार टाचण्या. मशीनखाली घालताना पट्टी वर आणि टी-शर्ट खाली. एका टाचणीपासून दुसऱ्या टाचणीपर्यंतच बघायचं. सुई कापडात खाली टोचून ठेवा, पुढची टाचणी उजव्या हाताने धरा आणि पट्टी एवढीच ताणा की ती खालच्या गळ्याएवढी सपाट होईल. खालचा गळा अजिबात ताणायचा नाही (पायमशीनच्या सरळ टिपेला वर सांगितला तेवढाच). शिवा, टाचणी काढा, थांबा, हात सोडा, पुढची धरा. घाई करण्यासारखी ही जागा नाही. पूर्ण झाल्यावर उलटून बघा, कुठे चुणी अडकली असेल तर तेवढीच उसवा.

मग ओल्या फडक्यावरून वाफेची इस्त्री. इस्त्री दाबायची आणि उचलायची, फिरवायची नाही. पहिल्यांदा पट्टी जरा फुगलेली दिसेल, वाफ लागली की ती आत बसते. माया टी-शर्टच्या बाजूला वळवून एक सूत अंतरावर वरून टीप मारा, झिगझॅगची रुंदी तीच. जोडसुई लावता येत असेल तर ती इथे लावा, दुकानातल्यासारख्या दोन समांतर टिपा येतात आणि खाली बॉबिनचा दोरा नागमोडी जात असल्याने गळा ताणतोही.

बाह्या, बाजू, घडी

बाही सपाटच लावा, बाजू शिवायच्या आधी. बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर. मग खालच्या घेरापासून बगलेतून बाहीच्या कडेपर्यंत एकच सलग टीप. बगलेत चार शिवणी एकत्र येतात, तिथे माया दोन बाजूंना वळवा म्हणजे गाठ होत नाही. बगलेत दुसरी टीप नक्की मारा, फाटतं तिथेच.

खालची घडी घालताना सिंगल जर्सीच्या कडा गुंडाळतात आणि हात हैराण होतो. त्यावर आपल्या घरातलाच उपाय आहे. पेजेची वरची पातळ निवळ गाळून घ्या, तितकंच पाणी घाला, ब्रशने फक्त कडेच्या दीड इंचाला लावा आणि वाळू द्या. खळ दिल्यासारखी कड ताठ होते, घडी कागदासारखी बसते. एक इंच दुमडा, मोठ्या टाक्यांनी कच्चं करा, सुलट बाजूने शिवा. त्याच दिवशी टी-शर्ट धुवा. पावसात पेजेचा अंश राहिला तर वास येतो आणि झुरळं, मुंग्या वास काढत येतात.

शिवल्यावर घडी लाटांसारखी झाली तर लगेच उसवू नका. वाफ द्या, हाताने थोपटून आत ढकला, सपाट थंड होऊ द्या. बरीचशी जागेवर येते. नाहीच आली तर फूटचा दाब जास्त होता.

पहिला टी-शर्ट एका रविवारी सकाळी सुरू केला तर दुपारच्या जेवणानंतर तासाभरात अंगात घालता येतो. पुढचे तीन तासांत. धुताना उलटा करून धुवा, वाळत घालताना खांद्याला चिमटे न लावता बगलेत धरून दोरीवर टाका.

शेवटी उरतात त्या चिंध्या. जर्सीच्या एक इंच रुंद आडव्या पट्ट्या कापा आणि दोन्ही टोकं धरून ओढा, कडा आत गुंडाळून मऊ दोरी तयार होते. मी ती परसात दोडक्याच्या आणि काकडीच्या वेलांना मांडवाला बांधायला वापरते. सुतळीने कोवळा वेल काचतो, याने काचत नाही. वेल जाड होत गेला की दोरी त्याच्याबरोबर ताणत जाते.